दहापर्यंत मोजताना

माझ्या मोबाइलमध्ये चार मिनिटांची एक चित्रफीत आहे. तीत मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसले आहे, समोर फरशीवर माझा साडेचार वर्षांचा नातू बसला आहे आणि माझ्या हातात स्टीलचा पेला आहे. त्याला तहान लागली आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे, कारण थोड्याच वेळापूर्वी त्याने माझे मनगट धरून माझा हात माठाकडे ढकलला होता. ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरच्यांना प्रशिक्षण देणाऱ्या ताईंनी सांगून ठेवले होते की पेला माझ्या चेहऱ्याजवळ, त्याला दिसेल असा धरायचा, ‘पाणी’ हा एकच शब्द एकदाच उच्चारायचा आणि मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजत गप्प राहायचे. सोलापुरातली एप्रिलची दुपार होती. पंखा गरम हवा खाली लोटत होता, घरामागच्या शेडमधल्या यंत्रमागांचा आवाज भिंतीतून येत होता आणि पोराच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत ओघळला होता. मी सातापर्यंत मोजले. तहानलेल्या लेकरासमोर पाणी धरून बसणे मला सहन होईना, आणि मी पेला त्याच्या ओठांना लावला.

तो घटाघटा प्यायला आणि मला बरे वाटले. पण ताईंनी खिडकीत मोबाइल उभा करून हे सगळे टिपले होते. पाणी पिऊन नातू डब्यांची झाकणे फिरवायला निघून गेला, तेव्हा त्या माझ्याशेजारी फरशीवर बसून मला तीच चार मिनिटे दाखवू लागल्या. चूक सांगायची नाही, अशी त्यांची रीत आहे. त्या एका जागी चित्र थांबवतात आणि विचारतात, “काकू, इथं तुम्हाला काय दिसतंय?” मला आधी माझा पुढे सरकणारा हात दिसला. मग माझे डोळे दिसले. पाणी सांडू नये म्हणून ते पेल्यावर खिळलेले होते. नातवाचा चेहरा मला सगळ्यांत शेवटी दिसला. हा मुलगा नजरेला नजर देत नाही असे त्याच्या फाइलमध्ये लिहिलेले आहे, आणि तो सरळ माझ्याकडे पाहत होता. त्याचे तोंड किंचित उघडले होते, जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे गेले होते. पुढच्याच क्षणी तिथे पेल्याची कड येते आणि त्या तोंडात पाणी शिरते.

तो माझ्याकडे पाहत होता आणि मी पेल्याकडे.

तेव्हापासून मी ती चित्रफीत कितीदा पाहिली असेल याची गणती नाही. रात्री घर झोपले की मी आवाज बंद करून ती लावते आणि त्या जागी येऊन थांबते. मी ३१ वर्षे शाळेत मराठी शिकवले. पाचवी ते सातवीची शेकडो मुले माझ्या हाताखालून गेली. त्यामुळे मूल कसे सांभाळायचे हे मला या वयात कोणी शिकवावे, ही कल्पनाच सुरुवातीला मानवली नव्हती. प्रशिक्षणाला मुलीनेच जायचे असे ठरले होते, पण तिची बँक शनिवारी सुटली तरी कामे सुटत नाहीत, जावई पुण्याला नोकरीला, म्हणून शेवटी मी गेले. नातू अडीच वर्षांचा असताना मी निवृत्त झाले होते. त्याआधी आम्ही सगळे बाहेर असू आणि दिवसभर त्याला मावशी सांभाळत. मावशी आजही सकाळी दहाला येतात, संध्याकाळी सहाला जातात. प्रशिक्षणाच्या अर्जावर ‘मुलाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव’ अशी ओळ होती. तिथे मी माझे नाव लिहिले, आणि ते लिहिताना हात जराही अडखळला नाही.

दीड वर्षांचा होईपर्यंत नातू दारात उभा राहून ‘टाटा’ करायचा. मग ते हळूहळू थांबले. नावाने हाक मारली तर वळेनासा झाला; मात्र पलीकडच्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की धावत येई, तेव्हा कान शाबूत आहेत हे आम्हाला कळत होते. एका दवाखान्यात सांगण्यात आले की मुलगे उशिराच बोलतात, वाट पाहा. आम्ही वर्षभर वाट पाहिली. जिथे एक दिवसही थांबायला नको होते तिथे मी वर्षभर थांबले, आणि जिथे दहा आकडे थांबायचे होते तिथे मला सातावर धीर राहिला नाही, हे मनातून जात नाही.

ऑटिझमचे निदान झाले तेव्हा नातेवाइकांच्या तोंडी पहिला प्रश्न उपचाराचा नव्हता. हे कोणामुळे झाले, असा होता. आई नोकरीवर, बाप परगावी, पोर टीव्हीसमोर वाढले, असे माझ्या मुलीच्या समोर बोलले गेले आणि तिने ते खाली मान घालून ऐकले. तिचे ते बसणे मी विसरू शकत नाही, कारण त्या वेळी मीही काही बोलले नव्हते. मनाच्या कोपऱ्यात मलाही तसेच वाटत होते. पुढे वाचायला लागले तेव्हा समजले की हा आळ फार जुना आहे आणि तो शिकल्या-सवरल्या माणसांनीच घातलेला आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञांनी ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था वेगळी म्हणून मांडली. त्यांच्या लिखाणात मायेची ऊब नसलेल्या आईवडिलांचे उल्लेख होते, आणि त्यातून आईच्या थंडपणामुळे मूल असे होते हा समज इतका पसरला की कित्येक वर्षे डॉक्टरही आयांना तेच सांगत राहिले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने त्याला पुराव्यांनिशी विरोध केला. तो स्वतः अशा मुलाचा बाप होता. एरिक शॉप्लर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात त्याच्याही पुढे जाऊन आईवडिलांना उपचारातले सहकारी केले. ज्या आईला गुन्हेगार ठरवले होते तिच्याच हाती मुलाचे शिक्षण सोपवायचे, एवढे मोठे हे वळण होते. मुलीला मी हे सगळे एका रात्री सांगितले. ती म्हणाली, “आई, हे तू तेव्हा मामांना सांगायला हवं होतंस.”

ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आमच्या भाषेत वापरला जाणारा ‘स्वमग्न’ हा शब्दही मला आता पूर्वीसारखा सोपा वाटत नाही. मराठीची शिक्षिका म्हणून तो मला आधी नेमका वाटला होता. स्वतःत बुडालेला, बाहेरच्या जगाशी देणेघेणे नसलेला. पण या शब्दाने आम्ही नकळत एक दार लावून घेतले. तो आतच असतो, असे एकदा मनाने घेतले की तो बाहेर डोकावतो तेव्हा तिथे कोणी उभे राहत नाही. चित्रफितीतला मुलगा स्वतःत बुडालेला नाही. तो एका बाईकडे पाहतो आहे आणि ती बाई दुसरीकडे पाहते आहे.

आमचा वर्ग शनिवारी दुपारी भरत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी असे एक प्रशिक्षण तयार केले आहे. त्यात एकत्र बसून नऊ सत्रे आणि घरी येऊन तीन भेटी असतात, आणि ते तज्ज्ञ डॉक्टरांनीच द्यावे असे नाही, शिकून तयार झालेला साधा कार्यकर्ताही देऊ शकतो. आमचा वर्ग साधारण त्याच धर्तीवर चालला. चित्रफीत दाखवून शिकवण्याची रीतही आपल्या भागात पारखून पाहिलेली आहे. गोवा आणि रावळपिंडी या दोन ठिकाणी मिळून ६५ मुलांच्या घरी हा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांत असे दिसले की आईवडील मुलाच्या सुराशी जुळवून घेऊ लागले की मूलही आपण होऊन त्यांच्याशी अधिक संवाद सुरू करते. तिथेही शिकवणारे डॉक्टर नव्हते. हे वाचताना रावळपिंडीतली एखादी आजी माझ्यासारखीच मोबाइलच्या पडद्यावर स्वतःचा हात पाहून गप्प झाली असेल, असे मनात आले, आणि त्या अनोळखी बाईबद्दल मला फार जवळीक वाटली.

वर्गात आम्ही अकरा जण होतो. एक आजोबा, एक वडील आणि बाकी सगळ्या बायका. त्यांतल्या तिघी कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, बसने येत. शनिवारी इथे यायचे म्हणजे तेवढ्या विड्या कमी वळल्या जाणार आणि हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीत तेवढा खड्डा पडणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगितले. दुसऱ्या सत्रात ताई मुलाबरोबर खेळण्याबद्दल बोलत होत्या. जमिनीवर त्याच्या उंचीला बसा, तो जे करतो आहे तेच तुम्हीही शेजारी करा, तो काय पाहतो ते पाहा आणि त्याच वस्तूचे नाव एका शब्दात घ्या. तेव्हा त्या तिघींपैकी एक जण म्हणाली, “ताई, मांडीवर सूप असतंय, हातात कात्री असतीया, खेळू कवा?” वर्ग शांत झाला. ताईंनी तिला वेगळा वेळ काढायला सांगितले नाही. दिवसभरात मुलगा काय करतो, तेवढेच विचारले. तो तेंदूच्या पानांच्या कापून उरलेल्या तुकड्यांशी खेळतो, असे ती म्हणाली. मग तंबाखूचे सूप त्याच्यापासून लांब ठेवायचे, आणि ते तुकडे दोन टोपल्यांत घालायचा खेळ करायचा असे ठरले. एक तुकडा तिने घालायचा, एक त्याने, आणि प्रत्येक तुकड्याला ‘पान’ म्हणायचे. तीन आठवड्यांनी ती सांगत होती की मुलगा आता तिची पाळी येईपर्यंत हात आवरून बसतो. तिने हे सांगताना डोळे पुसले. मी मात्र त्या वेळी मनात म्हणत होते की एवढेच का. पोर बोलले नाही, नजरेला नजर दिली नाही, हात आवरून बसले त्यात काय. आज त्या विचाराची मला लाज वाटते.

घरी गेल्यावर मी झाकणांपासून सुरुवात केली. नातू उताणे झाकण फरशीवर फिरवतो आणि कान जमिनीला लावून ते थांबेपर्यंत ऐकतो. आम्ही दोन वर्षे त्याच्या हातातली झाकणे काढून घेत होतो. मी दुसरे झाकण घेऊन शेजारी बसले, गुडघे कुरकुरत होते, आणि तेही फिरवले. त्याने माझ्या झाकणाकडे पाहिले, मग ते उचलून स्वतःजवळ ठेवले. चौथ्या दिवशी त्याने ते परत माझ्यासमोर आणून ठेवले. दुपारच्या त्या अर्ध्या तासात आम्ही दोघे फरशीला कान लावून पडलो होतो, आणि मला पहिल्यांदा कळले की झाकण थांबत येते तेव्हा त्याचा आवाज आधी जलद होत जातो आणि मग एकदम तुटतो. तो त्या तुटण्याची वाट पाहत असतो. तो क्षण आला की त्याच्या खांद्यांतून एक लहर जाते.

पाचव्या सत्रात ताईंनी एक वही घालून दिली. मूल आकांत करते तेव्हा त्याआधी काय घडले, त्याने काय केले आणि नंतर आपण काय केले, एवढेच त्यात लिहायचे. नातवाचे आकांत आमच्या घरात भीतीचा विषय होते. तो ओरडत स्वतःच्या मनगटाला चावा घेई. मी मीठ-मोहरीने दृष्ट काढली होती, नवसही बोलले होते. आवाजाचा त्याला त्रास होतो हे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत कळले होते. होम मैदानावर शोभेचे दारूकाम सुरू झाले आणि तो माझ्या पदरात तोंड खुपसून थरथरत राहिला. पण घरात तर असे काही वाजत नव्हते. वही सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती मुलीने हातात घेतली. रोज खात्यांच्या नोंदी तपासणाऱ्या तिच्या नजरेने पाच मिनिटांत सांगितले की आकांताचे दिवस चार-पाच दिवसांच्या अंतराने येतात. मी दिनदर्शिका पाहिली आणि अंगावर काटा आला. ते नळाला पाणी येण्याचे दिवस होते. पाणी सुटले की गल्लीतल्या सगळ्या घरांच्या मोटारी एकदम चालू होतात. पाण्याच्या धांदलीत आपल्या कानांना तो बारीक, किंचाळणारा सूर ऐकूही येत नाही. यंत्रमागांच्या धडधडीशेजारी शांत झोपणारा मुलगा मोटारीच्या सुराने वेडापिसा होत होता, आणि त्याच वेळी आम्ही सगळे हंडे, बादल्या आणि पाइप घेऊन त्याच्या भोवती पळत होतो.

आता दिनदर्शिकेवर पाण्याच्या दिवसाला निळ्या खडूने नळ काढलेला असतो. सकाळीच तो त्याला दाखवायचा. पाणी सुटायच्या सुमारास मावशी त्याला मागच्या खोलीत नेतात. ती खोली शेडला लागून आहे. साखर पेठेतले बरेच माग आता अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत गेले, पण इथले चार टॉवेलचे माग अजून चालतात. नातू त्या भिंतीला दोन्ही तळहात लावून उभा राहतो आणि मागाची थरथर हातांतून घेतो. मग घरातली जुनी जाड सोलापुरी चादर चौघडी करून त्याच्या अंगावर घालायची. एप्रिलच्या उकाड्यातही त्याला ती लागते. तिचे वजन त्याला हवे असते. आकांत पूर्ण थांबले असे नाही. पाणी कधी पहाटे चारला येते, कधी एक दिवस पुढे जाते, तेव्हा निळा नळ खोटा ठरतो आणि त्याचा आमच्यावरचा विश्वास त्या दिवसापुरता मोडतो. महानगरपालिकेच्या वेळापत्रकावर एखाद्या मुलाचे मन असे टांगलेले असू शकते, हे मला आधी कधी सुचलेही नसते.

एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून हलवून गेली. आम्ही धडा पहिल्या ओळीपासून शिकवत आलो. ताई मात्र चड्डी घालायला शिकवताना शेवटापासून सुरुवात करायला सांगतात. सगळे आपण करायचे आणि शेवटची ओढ, कमरेपर्यंत वर घेण्याची, तेवढी मुलाने करायची. ती जमली की तिच्याआधीची. असे मागे मागे जात पहिल्या पायरीला पोहोचायचे. त्यामुळे मुलाच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून काम पुरे झाल्याचा आनंद येतो. अर्धवट सोडून हरल्याची सवय त्याला लागत नाही. हे ऐकताना मला माझ्या वर्गातली किती तरी मुले आठवली, ज्यांनी पहिल्या ओळीवरच हार मानली आणि ज्यांना शेवटची ओळ कधीच वाचायला मिळाली नाही.

त्यांतला एक मुलगा जास्त आठवतो. साल १९९६ किंवा ९७ असेल. पाचवीत होता, खिडकीजवळ बसे. त्याला काही विचारले की प्रश्नातले शेवटचे शब्द परत म्हणे. “तुझं पुस्तक कुठं आहे?” “पुस्तक कुठं आहे?” वर्ग हसायचा. तो माझी नक्कल करतो आहे असे समजून मी एकदा त्याच्या गालात मारली. तो रडला नाही. त्याने तेच शब्द पुन्हा म्हटले, अगदी माझ्याच सुरात. त्याची आई विड्या वळायची. ती एकदा वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली, काही बोलायचे होते, पण मी फळ्यावर लिहीत होते आणि मागे वळले तेव्हा ती गेलेली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. प्रशिक्षणात ताईंनी सांगितले की काही स्वमग्न मुले ऐकलेले शब्द परत उच्चारतात. तो त्यांचा शब्द धरून ठेवण्याचा मार्ग असतो, आणि पुष्कळदा तेच त्यांचे उत्तर असते. मी वहीत ते वाक्य लिहून घेतले आणि त्यापुढे त्या दिवशी मला काही लिहिता आले नाही. त्या मुलाला काय होते हे मी आज ठरवू शकत नाही. त्याचे नाव मात्र मला पूर्ण आठवते.

शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात हे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात मोजून पाहिले होते. सरासरी जेमतेम एक सेकंद. त्याचे तीन सेकंद केले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. माझ्या ३१ वर्षांत मी किती प्रश्नांना एका सेकंदात मारून टाकले असेल! आणि ती मुले तर बोलती होती. ज्या मुलाला आधी माझा शब्द बाकीच्या आवाजांतून वेगळा काढायचा आहे, मग त्याचा अर्थ लावायचा आहे, मग आपली जीभ कुठे न्यायची हे शोधायचे आहे, त्याला दहा आकडेही कमीच पडत असतील. तरीही पेला धरून बसताना माझा जीव घाबरा होतोच. मी ताईंना विचारले होते की हे पाणी अडवून बोलायला लावणे नाही का. त्या म्हणाल्या, “अजिबात नाही काकू. त्यानं हात पुढं केला, तुमच्याकडं बघितलं, तरी ते मागणंच आहे, लगेच द्यायचं. आणि दहा झाल्यावर काहीच नाही केलं तरी द्यायचं. आपण त्याला फक्त जागा करून देतोय.”

ती चित्रफीत काढली त्या घरभेटीनंतर तिसऱ्या दिवसाची गोष्ट. मावशी उखळात शेंगाचटणी कुटत होत्या, आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून तीच जागा पुन्हा पाहत होते. मावशी पद्मशाली, तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हापासून विड्या वळल्या, बोटे आखडली तेव्हा मुले सांभाळायचे काम धरले. माझ्याशी त्या मराठी बोलतात, नातवाशी तेलुगू. सुरुवातीला एकाने आम्हाला बजावले होते की मुलाशी एकच भाषा बोला, नाही तर त्याचा गोंधळ होईल, आणि मी मावशींना तसे सांगितलेही होते. त्यांनी मान डोलावली होती आणि बहुधा माझ्या माघारी तेलुगूच बोलत राहिल्या. पुढे ताईंकडून कळले की दोन भाषा कानांवर पडल्याने अशा मुलांचे बोलणे आणखी लांबते असे संशोधनात आढळलेले नाही; ज्याने त्याने मनापासून येणाऱ्या भाषेत बोलावे. ते मावशींना सांगायचे राहूनच गेले होते. तर त्या माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहू लागल्या. हाताला शेंगदाण्यांचा आणि लसणाचा वास येत होता. मी ती जागा आली तशी चित्र थांबवले.

“नीळ्ळू म्हणायलाय की ओ बाई त्यो.”

मला काही कळेना. वेड्या माणसाकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. “पाणी ओ. मी देताना नीळ्ळू म्हणते न्हवं.” आणि त्यांनी तोंड उघडून, जिभेचे टोक वरच्या दातांमागे नेऊन मला दाखवले. प ओष्ठ्य आहे, न दंत्य आहे. वर्णांची उच्चारस्थाने मी वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतली. तरीही मी त्या मुलाच्या तोंडासमोर बसून दोन ओठ मिटण्याची वाट पाहत होते, आणि जीभ वर गेलेली मला तीन दिवस दिसत असून कळली नव्हती.

तो तेव्हा खरोखर तो शब्द जुळवत होता की नुसतेच तोंड उघडले होते, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण त्यानंतर आठवड्याभराने, मी आत देवापाशी बसले असताना, स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज थांबलेला जाणवला. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग एक अगदी लहान, घासत आलेला ‘नी’. पाठोपाठ पेल्याचा आवाज आणि मावशींचे हसणे. मी तशीच बसून राहिले. आनंद तर झालाच, एवढा की निरांजनाची ज्योत डोळ्यांपुढे फुटून चार झाल्या. पण त्याच्या तळाशी काही तरी टोचत होते, आणि ते लपवावेसे मला वाटत नाही. त्याचा पहिला शब्द माझ्याकडे पाहून आला नाही. तो माझ्या भाषेतला नव्हता, जिच्यावर मी जन्मभर पोट भरले. आणि ज्या बाईने त्या शब्दासाठी जागा ठेवली होती तिचे नाव अर्जावरच्या त्या ओळीत मी लिहिलेले नव्हते. नऊ शनिवार मी वर्गात बसून शिकत होते, आणि जिच्या मांडीवर तो दिवसाचे आठ तास असतो ती घरी त्याला सांभाळत होती. मी परतल्यावर दोन वाक्यांत सगळे सांगून टाकत असे: हे करा, ते करू नका.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना फोन केला. नव्या तुकडीत मावशींचे नाव घातले, आणि शनिवारी त्यांना दुपारची सुट्टी, पगार न कापता, असे ठरवले. मावशी आधी तयार होईनात. “मला लिवाय येत न्हाई ओ बाई, तिथं मी काय करू?” वही मी लिहीन, तुम्ही सांगा, असे म्हटल्यावर त्या गेल्या. परत आल्या त्या गप्पच होत्या. चहा पिताना म्हणाल्या की वर्गात त्यांना सगळे ‘आजी’ म्हणाले आणि नातू तुमच्याकडे दिवसभर काय काय करतो ते सांगा म्हणाले, आणि त्या अर्धा तास बोलत होत्या. त्यांनी जे सांगितले त्यातले निम्मे मला माहीत नव्हते. तो कडक भाकरी खातो आणि मऊ पोळी थुंकतो हे मला माहीत होते. पण भाकरी मोडण्याचा आवाज त्याच्या कानाशी आधी करून दाखवला तर तो भाजीही खातो, हे मला ठाऊक नव्हते. मावशी दोन वर्षे तसेच जेवू घालत होत्या. ते कोणाला सांगण्यासारखे आहे असे त्यांना वाटलेच नव्हते, आणि विचारावे असे मला.

मागच्या आठवड्यात ताई मावशींच्या घरभेटीला आल्या, म्हणजे आमच्याच घरी. बाहेर मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता. या वेळी पाटावर मावशी होत्या, आणि मोबाइल धरून मी खिडकीशी उभी होते. मावशींनी पेला चेहऱ्याजवळ घेतला, “नीळ्ळू” म्हटले आणि त्या थांबल्या. त्यांचे ओठ हलत होते. ओकटी, रेंडू, मूडू. हे आकडे मी आता शिकले आहे, नातवासाठी नव्हे, मावशींबरोबर मोजता यावे म्हणून. नालुगू, ऐदू, आरू. पडद्यावर मी पेल्याकडे पाहत नव्हते. एडू. नातवाची नजर पेल्यावरून मावशींच्या डोळ्यांवर गेली, तिथून खिडकीकडे, माझ्याकडे आली आणि पुन्हा मावशींकडे वळली. एनिमिदी. त्याने हात पुढे केला, आवाज काही आला नाही. मावशींनी लगेच पेला दिला. तो पाणी प्यायला, रिकामा पेला फरशीवर आडवा ठेवून त्याने गरकन फिरवला आणि कान जमिनीला लावला. मावशींनी मांडणीवरचा दुसरा पेला घेतला, त्याच्या शेजारी आडवा ठेवून फिरवला, आणि पदर सावरत, एका हातावर भार देत, त्याही हळूहळू खाली वाकल्या.